मिसळीचा फळा

"आधी आकडा लिहा ताई, मग बटण दाबा. नियम म्हणजे नियम," इरफान म्हणाला आणि खडू माझ्या हातात ठेवला.

मी लिहिलं, एकोणीस. त्याच्याखाली बाकीच्यांचे आकडे पडले. आमच्या प्रमुख खैरनार मॅडमचा अकरा, इरफानचा तीस, कांद्याच्या चाळींवर फिरणाऱ्या दोघांचे असेच कुठलेतरी. चांदवडकडच्या चाळींमधला शेकडा किती कांदा दिवाळीपर्यंत सडेल, एवढाच प्रश्न होता. मी बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं, एकोणीसला किंचित कमी.

"मेलो, पुन्हा मेलो!" इरफानने कपाळावर हात मारला. "या बाईची एकदा दृष्ट काढा रे कोणीतरी. नाहीतर मला कर्ज काढून मिसळ आणावी लागेल."

मी खडूचा हात झटकला आणि काहीच विशेष नाही असा चेहरा केला. आतून मात्र मला गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोलू?

याला आता नऊ-दहा वर्षं झाली. नाशिकच्या बाहेर, धान्य आणि भाजीपाला टिकवण्यावर काम करणारी एक लहानशी संस्था होती, तिच्यातली आमची ही खोली. आमच्या वाट्याला कांदा. उन्हाळी कांदा मे महिन्यात चाळीत भरतात आणि भाव बघत दिवाळीपर्यंत ठेवतात. तोवर त्यातला बराच सडतो. आम्ही ठिकठिकाणच्या चाळींमध्ये ऊब आणि ओल मोजणाऱ्या डब्या लावल्या होत्या. डब्यांनी पाठवलेल्या आकड्यांवरून सड किती होणार हे सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. मी मूळची पुण्याची सॉफ्टवेअर इंजिनिअर. बारा वर्षं बँकांसाठी आणि विमा कंपन्यांसाठी कोड लिहिला आणि एके दिवशी लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत मी सोडवलेला एकही प्रश्न माझा नव्हता. कोणीतरी कागदावर लिहून द्यायचं, मी करून द्यायची. मला स्वतःचा एखादा प्रश्न हवा होता. नवऱ्याला, शेखरला, हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घरात एवढे प्रश्न आहेत, त्यातला घे एखादा." पण मला इथे शास्त्रज्ञाच्या पदावर सहा महिन्यांसाठी घेतलं, तेव्हा माझी बॅग त्यानेच भरली. त्याचं काम घरून चालायचं. मुलगी, ऋता, तिसरीत होती. आठवडाभर मी नाशिकला मावशीकडे राहायची आणि शनिवार-रविवार पुण्याला जायची. सहा महिन्यांनी कायम केलं तर सगळे इकडे येणार, नाही केलं तर मी परत जुन्या खुर्चीवर. पुण्याच्या कंपनीने ती खुर्ची तेवढे दिवस राखून ठेवली होती.

आणि हा मिसळीचा फळा. आमच्या खोलीचा रिवाजच होता तो. कुठल्याही प्रयोगाचं उत्तर उघडायच्या आधी प्रत्येकाने आपला आकडा फळ्यावर लिहायचा. ज्याचा प्रयोग त्याने पहिला. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. ज्याचा आकडा उत्तरापासून सगळ्यांत लांब, त्याने शनिवारी सगळ्यांना मिसळ आणायची. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हरणाऱ्यांची नावं आणि त्यांच्यापुढे रेघा असायच्या. इरफानच्या रेघांचं कुंपण झालं होतं. मॅडमच्याही बऱ्याच होत्या. माझं नावच तिथे नव्हतं. हिशेबखात्यातले भामरेकाका कधी आकडा लिहायचे नाहीत, पण शनिवारी बरोबर वासावर यायचे. ते मला म्हणायचे, "ताई, सगळ्यांच्या हातची खाल्ली, तुमचीच राहिली."

"माझी नाही मिळायची काका," मी ऐटीत म्हणायची.

ऑक्टोबर उजाडला. शुक्रवारी मला कायम करायचं का ते ठरवायला समिती बसणार होती आणि समितीत खैरनार मॅडमचा शब्द चालायचा. सोमवारी त्यांनी मला आपल्या टेबलाशी बोलावलं. दमयंती खैरनार म्हणजे साठीला टेकलेली, बागलाणातली, मोजकं बोलणारी बाई. चष्मा कायम केसांत खोवलेला असायचा आणि तोच शोधत असायच्या.

"बस कल्याणी. तुझ्याबद्दल समितीला चार ओळी लिहायच्या आहेत. त्याआधी एक विचारायचंय. तुझा अंदाज चुकत कसा नाही गं?"

मला वाटलं कौतुक चाललंय. मी हसून म्हटलं, "अहो मॅडम, चुकेल कसा? आधी बघून येते ना."

"काय बघून येतेस?"

"उत्तर. सकाळी कोणी यायच्या आत एकदा चालवून बघते, काही गडबड असली तर निस्तरते आणि मग सगळ्यांसमोर उघडते."

इरफान चहा घेऊन येत होता, तो तसाच उभा राहिला. "ताई, काय सांगता! उत्तर बघून आकडा लिहिता?"

"मग? तुम्ही काय न बघता लिहिता?"

हे मी अगदी मनापासून विचारलं होतं. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच असतो. जे आधी स्वतः चालवून बघितलं नाही ते गिऱ्हाइकापुढे चालवायचं नाही. मला वाटायचं, फळ्यावरचा आकडा म्हणजे आपली तयारी किती झालीय त्याची परीक्षा. आणि हा इरफान दर वेळी तयारी न करता येतो कसा, याचं मला पाच महिने नवल वाटत होतं.

इरफान आधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला जे हसू फुटलं, की चहा बशीत, बशीतला टेबलावर. "म्हणजे माझ्या इतक्या मिसळी गेल्या त्या... अल्ला! आणि मी घरी सांगत होतो, आमच्याकडे एक बाई आल्यात, त्यांना कांदा स्वप्नात येऊन सांगतो!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फडक्याने टेबल पुसलं आणि इरफानला जायला सांगितलं.

"मी लिहिणार होते की या मुलीची जाण उपजत आहे," त्या म्हणाल्या. "आता काय लिहू?"

"मी फसवलं नाही मॅडम. मला खरंच..."

"फसवलंस असं मी म्हणतच नाही. विचारल्यावर सरळ सांगितलंस. पण पाच महिन्यांत तुला स्वतःला काय वाटतं, ते मला एकदाही कळलेलं नाही. फळा त्यासाठी आहे बाळ. मिसळ आपली निमित्ताला."

मी टेबलावर राहिलेला चहाचा थेंब बोटाने पुसला.

"तुझा प्रोग्रॅम उत्तम आहे. आपल्याकडे तंत्रज्ञाची जागा आहे, करारावरची. ती मी उद्यासुद्धा देईन. पण तू त्यासाठी घरदार सोडून आली नाहीस. तू आलीस त्या जागेवर प्रश्न विचारणारं माणूस लागतं." त्यांनी चष्मा शोधला, केसांत सापडला. "गुरुवारी फळा मोकळा आहे. ज्याचं उत्तर तुला माहीत नाही आणि मलाही नाही, असा एक प्रश्न घेऊन ये. आणि न बघता आकडा लिही. मग बघू."

बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. राग आला होता मॅडमचा, त्या फळ्याचा, स्वतःचासुद्धा. संध्याकाळी मावशीच्या गच्चीवर जाऊन शेखरला फोन केला आणि बोलता बोलता रडले.

शेखरने सगळं ऐकून घेतलं आणि तोही हसला. मेल्याला दया नाही.

"तुला आठवतं का," तो म्हणाला, "लग्न ठरायच्या आधी तू गुपचूप माझ्या ऑफिसात येऊन गेली होतीस. हा माणूस सांगतो तिथेच कामाला आहे का, ते बघायला. रिसेप्शनवरच्या मुलीने मला नंतर सांगितलं."

"मग? बरोबरच होतं ते."

"बरोबरच होतं. पण तो तुझा स्वभाव आहे गं, धंद्यावर कशाला ढकलतेस? तू चुकायला भितेस. आता काय करणारेस?"

"माहीत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मंगळवारी दिवसभर प्रश्न शोधला. शोधला कसला, एखादा सुचला रे सुचला की बोटं आधी कीबोर्डवर! चालवून बघितलं की उत्तर समोर, की प्रश्न मेला. चार-पाच प्रश्नांचा मी असाच मुडदा पाडला. दुपारी वैतागून खिडकीशी उभी राहिले. खाली ट्रॅक्टरमधून कांदा उतरवत होते. तो उग्र, गोडसर वास आला आणि निफाडजवळच्या मामाची चाळ आठवली. सुटीत आम्ही पोरं कांद्याच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घालायचो. वर गार लागायचं, आत मधोमध मात्र ऊब. मामी ओरडायची, "हात काढा, इंचू असंल!"

मी इरफानकडे गेले. "चाळीत कांदा कुठून सडतो रे?"

"बुडातून. खालची ओल लागते ना. हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"कोणी मोजलंय?"

"मोजलंय म्हणजे... खालच्या थरातल्या पिशव्या मोजल्यात." प्रत्येक चाळीत मे महिन्यात आम्ही कांदा तोलून जाळीच्या पिशव्यांत भरून पुरला होता, एक पिशवी तळाला, एक मध्ये, एक वर. गेल्या आठवड्यात त्या काढून पुन्हा तोलल्या होत्या.

"आणि मधल्या, वरच्या?"

इरफान जरा घुटमळला. "तोलल्या. आकडे भरून ठेवलेत. उघडून कोणी बघितले नाहीत. बुडातूनच सडतो म्हटल्यावर..."

मधल्या थराची ऊब माझ्या दंडाला आठवत होती. ओल सगळ्यांनी हिशेबात धरली होती, पण ऊब? मी वळले, माझ्या मशीनकडे दोन पावलं टाकली आणि थांबले.

"इरफान, ते आकडे माझ्या मशीनवर आहेत?"

"सगळ्यांच्याच आहेत."

"सगळीकडून काढ. आत्ताच्या आत्ता. तुझ्याकडे ठेव आणि मी मागितले तरी देऊ नकोस."

त्याने ते एका पेनड्राइव्हवर घेतले, बाकी सगळीकडून पुसले आणि पेनड्राइव्ह स्कूटरच्या किल्ल्यांना अडकवला. मग दोन दिवस माझ्यासमोरून जाताना मुद्दाम किल्ल्या वाजवत जायचा, हलकट.

बुधवारी पुण्याहून फोन आला. सुधन्वा, माझा जुना बॉस. "कल्याणी, सोमवारपासून नवं काम सुरू होतंय. टीम तुझ्याकडेच देतोय. येतेयस ना? का तिकडे कांदेच निवडणारेस?"

"शुक्रवारी सांगते."

"अगं, इथे तुझ्या नावाने लोक वाट बघतायत. तिथे तुला ओळखतं कोण?"

त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. तिकडे मला सगळं येत होतं. फोन ठेवला आणि बघते तर खोलीत कोणी नाही आणि इरफानच्या टेबलावर किल्ल्या. पेनड्राइव्हसकट. तो जेवायला गेला होता. हात शिवशिवतात म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. एकदा बघितलं असतं तर काय बिघडणार होतं? आकडा बरोबर लिहिला असता, शुक्रवारी जागा मिळाली असती, कोणाला कळलंही नसतं. फक्त मला मामाच्या चाळीचा जो प्रश्न पडला होता, तो माझा राहिला नसता. मी तिथून सरळ उठले आणि हिशेबखात्यात जाऊन भामरेकाकांपुढे बसले.

"ताई, आज इकडे कुठे?"

"किल्ल्यांपासून लांब बसलेय."

काकांना काही कळलं नाही. त्यांनी डब्यातली मेथीची भाजी पुढे केली. इरफान परत येईपर्यंत मी तिथेच अर्धी पोळी चघळत बसले.

गुरुवारी फळ्यापुढे उभी राहिले, तर खडू हातातून सुटला. उचलला. मी लिहिलं, मधल्या थरात खालच्यापेक्षा दीडपट सड. माझं अक्षर इतकं वाकडं मी कधी बघितलं नव्हतं.

"का?" मॅडमनी विचारलं.

"ऊब मध्ये साठते. लहानपणी हाताला लागलेली आहे." बोलताना मला लाज वाटली. बारा वर्षं इंजिनिअर असलेली बाई हाताला लागल्याचं कारण सांगते!

मॅडमनी मान हलवली आणि खडू घेतला. त्यांनी लिहिलं, सगळ्यांत जास्त खाली, मग मध्ये, मग वर. इरफाननेही तेच, चाळींवर जाणाऱ्या दोघांनीही तेच. इरफानने किल्ल्या काढल्या, पेनड्राइव्ह लावला. मी बटण दाबलं.

खालचा थर शेकडा बारा. मधला सहा.

मी चुकले होते. थोडीथोडकी नाही, साफ उलटी. मधला थर दीडपट नव्हता, निम्मा होता. डोळ्यांपुढे क्षणभर सुधन्वाची ती टीम, ती खुर्ची, सगळं उभं राहिलं. खोलीत कोणी हसलं नाही. आणि मग माझं लक्ष तिसऱ्या आकड्याकडे गेलं.

वरचा थर एकवीस.

"हे काय?" मी म्हटलं.

"पिशव्या अदलाबदल झाल्या असतील," इरफान म्हणाला आणि एकेक चाळ उघडून बघायला लागला. "नाही... इथे पण वरच जास्त. इथे पण. ताई, सगळीकडेच."

मॅडमनी केसांतला चष्मा ओढून डोळ्यांवर घेतला आणि पडद्यापाशी आल्या. "पत्रा घाम धरतो. पहाटे वरून थेंब पडत असतील."

"पण उसाच्या पाचटाच्या छपराखालीसुद्धा तेच आहे मॅडम," मी म्हटलं. "हे बघा, या तीन चाळींना पत्राच नाही. आणि आपल्या डब्या तर सगळ्या खाली लावलेल्या! म्हणजे माझा प्रोग्रॅमसुद्धा इतके दिवस चुकीच्या जागी नाक लावून बसलाय. उभ्या जिल्ह्यात सगळे खालून काळजी घेतात, विटा लावतात, फळ्या लावतात, आणि कांदा सडतोय वरून!"

मी बोलतच सुटले होते. इरफान बोलत होता, मॅडम बोलत होत्या, कोण कोणाचं ऐकतंय पत्ता नव्हता. माझा आकडा फळ्यावर ढळढळीत चुकीचा उभा होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. इतकी खूश मी त्या खोलीत कधीच झाले नव्हते.

"का होत असेल असं, कल्याणी?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"माहीत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही मॅडम."

"कळायला किती दिवस लागतील?"

"पुढच्या मे महिन्यात चाळी भरताना डब्या तिन्ही थरांत लावायच्या. मग ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. वर्ष तरी जाईल."

मॅडमनी चष्मा पुन्हा केसांत खोवला. मग म्हणाल्या, "वर्षाचं काम सहा महिन्यांच्या माणसावर टाकता येत नाही. कायमचंच माणूस लागेल. समितीला तसं लिहिते."

मला आधी कळलंच नाही. इरफानने किल्ल्या माझ्या कानाशी वाजवल्या तेव्हा कळलं. डोळे भरून आले. मी ते लपवायला वळले, तर समोर फळा. मॅडम खडू घेऊन उजव्या कोपऱ्यात गेल्या होत्या. इरफानच्या कुंपणाखाली त्यांनी माझं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे एक रेघ ओढली.

भामरेकाकांनी दारातून डोकं आत घातलं. "आज कोण?"

"कल्याणीताई!" इरफान ओरडला.

काकांनी फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नमस्कार केला. "पावलात बुवा एकदाच्या."

मी खाली जाऊन शेखरला फोन लावला.

"काय झालं?"

"आपटले. साफ उलटा आला आकडा."

तो हळूच म्हणाला, "बरं. असू दे. सुधन्वाला मी कळवू का तू?"

"त्याला मी सांगते. तू आधी मला सांग, सहा जणांना मिसळ किती लागेल? त्यातले भामरेकाका दोन प्लेट खातात. आणि पुढल्या महिन्यातही बहुतेक मलाच आणायला लागणार आहे."

पलीकडून शेखर हसायला लागला. "थांब," तो म्हणाला, "उद्या सकाळीच ऋताच्या शाळेत जातो. दाखला काढायला सांगतो."